ग्रूमिंग, ऑनलाइन

ग्रूमिंग, ऑनलाइन : अल्पवयीन मुलाशी इंटरनेटवरून ओळख काढून, हळूहळू त्याचा विश्वास मिळवून, त्याला लैंगिक शोषणापर्यंत नेण्याचा प्रकार. शोषण प्रत्यक्ष भेटीत होते, किंवा भेट न होताच छायाचित्रे, व्हिडिओ आणि धमक्या यांच्या जोरावर होते. इंग्रजीत ‘ग्रूम’ म्हणजे मोतद्दार आणि ग्रूमिंग म्हणजे त्याचे काम, घोड्याला खरारा करणे. मराठी शहरांत हा शब्द सलूनच्या आणि व्यक्तिमत्त्व-विकास वर्गांच्या पाट्यांवर दिसतो. पालकसभेत तो उच्चारला, की निम्म्या लोकांना केस कापणे आठवते. पोलीस ठाण्याच्या मराठीतले ‘फूस लावणे’ अर्थाने बरेच जवळचे आहे. पण ‘फूस लावून पळवून नेले’ या ठरीव वाक्यात ते इतके रुतले आहे, की डोळ्यांपुढे मुलगी आणि एसटी स्टँडच येतो. इथे कोणी पळून जात नाही. मूल घरातच असते, पांघरुणात, फोनचा उजेड कमी करून. आणि ते मूल मुलगा असण्याचीही शक्यता धरावी लागते.

ओळखीची जागा बहुधा अगदी साधी असते : खेळाची लॉबी, एखाद्या यूट्यूबरच्या चाहत्यांचा ग्रुप, अभ्यासाच्या नोट्स वाटणारा चॅनेल. ‘कितवीत आहेस?’, ‘कुठली शाळा?’ हे प्रश्न मराठी घरात आलागेला प्रत्येक काका विचारतो, त्यामुळे मुलाला त्यात वावगे वाटत नाही. ‘हा फोन कोणाचा?’, ‘घरी कोण आहे आत्ता?’, ‘इथे नको, दुसऱ्या ॲपवर ये’, ‘आपलं आपल्यातच ठेव’ हे मात्र कोणी काका विचारत नाही, सुचवत नाही. मध्येच खेळातले डायमंड किंवा एखादी स्किन भेट येते. किंमत शे-दोनशे रुपये. पण आठवीतल्या मुलाला ती मोठी आणि घरी न सांगण्याजोगी. पहिले गुपित हेच असते. अलीकडे बळावलेला प्रकार याहून झटपट आहे : मुलगी असल्याची बतावणी करून एक छायाचित्र मिळवायचे आणि त्याच रात्री पैसे मागायचे. अशा खंडणीचे बळी बहुतेक १४ ते १७ वयाचे मुलगे असतात, असा इशारा अमेरिकेच्या एफबीआयने दिला आहे.

धमकी चालते ती घरच्या धाकावर. ‘तुझ्या आईला पाठवतो’ एवढे तीन शब्द पुरतात. आईला कळले, तर फोन जाईल, मार बसेल, मुलीची तर शाळाही सुटेल, असा हिशोब मूल करते. तो पुष्कळदा बरोबर असतो, ही त्यातली वाईट गोष्ट. म्हणून घरात आधीपासून दिलेला शब्द, ‘काहीही झालं तरी सांग, फोन काढून घेणार नाही’, हा कोणत्याही पासवर्डपेक्षा उपयोगी आहे, आणि मूल सांगेल तेव्हा तो पाळावा लागतो.

पालकांची धास्ती मात्र भलतीकडेच धावते. २०१७ मध्ये मुंबईतील अंधेरीच्या एका शाळकरी मुलाच्या मृत्यूचा संबंध आत्महत्येपर्यंत नेणाऱ्या ‘ब्लू व्हेल’ नावाच्या तथाकथित ऑनलाइन खेळाशी जोडला गेला आणि शाळाशाळांतून सूचनापत्रके निघाली. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने गूगल, फेसबुक, व्हॉट्सॲप यांना त्या खेळाचे दुवे काढून टाकण्यास सांगितले. पुढे सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या महासंचालकांच्या अध्यक्षतेखालील समितीने घटना तपासल्या. एकाही प्रकरणात त्या खेळाचा संबंध सिद्ध झाला नाही, असे सरकारने संसदेत सांगितले. या खुलाशाची पत्रके मात्र निघाली नाहीत.

भारतीय कायद्यात ‘ग्रूमिंग’ हा शब्द नसला, तरी कृत्य आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६७ ब मध्ये, लैंगिक हेतूने मुलाशी ऑनलाइन संबंध जोडणे किंवा त्याला त्याकडे वळवणे हा गुन्हा ठरतो. पहिल्या दोषसिद्धीला ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाख रुपयांपर्यंत दंड. १४ नोव्हेंबर २०१२ रोजी, म्हणजे बालदिनी, लागू झालेल्या पॉक्सो, म्हणजे लैंगिक अपराधांपासून मुलांच्या संरक्षणाच्या, कायद्याच्या कलम ११ खाली लैंगिक हेतूने मुलाशी इलेक्ट्रॉनिक माध्यमातून वारंवार संपर्क साधणे हाच लैंगिक छळ आहे. त्याच कलमात मुलाचे खरे ‘किंवा बनावट’ चित्रण प्रसारित करण्याची धमकीही येते. एआयने बनवलेल्या चित्रांची चर्चा सुरू होण्याच्या कितीतरी आधी ते दोन शब्द कायद्यात बसलेले होते, हे श्रेय मसुदा करणाऱ्यांना द्यायला हवे. २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ‘चाइल्ड पोर्नोग्राफी’ हा शब्दप्रयोग टाळण्यास न्यायालयांना सांगितले, कारण त्यातून मुलाची संमती असल्याचा भास होतो. त्याऐवजी बाल लैंगिक शोषण व अत्याचाराची सामग्री असे म्हणावे.

पॉक्सोचे कलम १९ मोठ्यांना बांधून घेते. गुन्हा घडल्याचे कळले, तर विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ नुसार ६ महिन्यांपर्यंत, आणि संस्थाप्रमुखाने दडपल्यास १ वर्षापर्यंत कैद. मूल स्वतः या शिक्षेतून वगळलेले आहे. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी घ्यायचा, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेशात नाही. मुलाचे नाव, शाळा, राहता परिसर यांपैकी काहीही छापता येत नाही. तालुक्याच्या ठिकाणी ‘गावात बोभाटा होईल’ म्हणून मागे फिरणाऱ्या पालकाला ही तरतूद कोणी आधी सांगितलेली नसते.

तक्रार करताना सर्वांत जास्त चुका पहिल्या तासात होतात. भीतीने चॅट पुसले जाते आणि समोरच्याचा खाते-पत्ता, वेळा, पैसे मागितलेला यूपीआय आयडी यांचा पुरावा जातो. दुसरी चूक याहून मोठी : ‘सावध राहा’ म्हणून मुलाचे ते छायाचित्रच सोसायटीच्या ग्रुपवर पुढे पाठवले जाते. हेतू काहीही असो, असे चित्र पसरवणे हाच गुन्हा आहे. संभाषणाचे स्क्रीनशॉट ठेवावेत, खाते नंतर ब्लॉक करावे, पैसे देऊ नयेत. एकदा दिले, की मागणी वाढते. १०९८ ही मुलांची मदतवाहिनी १९९६ मध्ये मुंबईत, टाटा समाजविज्ञान संस्थेत, जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने सुरू झाली. दहा-नऊ-आठ असा उलटा मोजत लक्षात राहणारा हा क्रमांक मूल स्वतः लावू शकते. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांविषयीची तक्रार नाव न देताही करता येते. पैसे गेले असतील तर १९३० हा क्रमांक लावावा. चित्र पसरू नये म्हणून अमेरिकेतील एनसीएमईसी या संस्थेची ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा आहे : छायाचित्र फोनबाहेर जात नाही, फोनवरच त्याचा अंकी ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या तो ठसा जुळणारे चित्र शोधून काढतात. याच संस्थेकडे कंपन्या संशयास्पद सामग्री कळवतात. २०१९ च्या करारानुसार भारतासंबंधीचे अहवाल राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे आणि तिथून राज्यांच्या पोलिसांकडे येतात.

खाते उघडायला १३ वर्षांची अट बहुतेक ॲपवर दिसते, तिचा बालमानसशास्त्राशी फारसा संबंध नाही. १९९८ च्या अमेरिकी ‘कोपा’ कायद्याने १३ खालच्या मुलांची माहिती घेण्यास पालकांची संमती सक्तीची केली. ती कटकट टाळण्यासाठी कंपन्यांनी तोच आकडा दारावर लावला. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ही रेषा १८ वर ठेवली. पालकांची पडताळलेली संमती हवी, मुलांचा माग काढणाऱ्या जाहिराती नकोत, मोडल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंड. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. मुलांविषयीच्या तरतुदींना त्यानंतर १८ महिन्यांची मुदत आहे. कंपन्यांनीही किशोरांची खाती खासगी ठेवणे, अनोळखी निरोप अडवणे असे बदल केले आहेत, पण ते मुख्यतः खात्यात भरलेल्या जन्मतारखेवर चालतात. मराठी मुलाचे पहिले खाते बहुधा आईच्या फोनवर, आईच्या क्रमांकावर असते. शाळेचा गृहपाठही त्याच फोनवर येतो. ॲपच्या लेखी तिथे ३८ वर्षांची बाई रील बघत असते, आणि तिला निरोप पाठवायला कोणालाही मज्जाव नसतो. उद्या पालकांची संमती मोबाइलवरच्या ओटीपीने घ्यायचे ठरले, तर तो ओटीपीही त्याच फोनवर, मुलाच्या हातात येईल.