गॅप आला कुठून?

संग्रामपुराहून शेगावकडे निघालेल्या सकाळच्या एसटीत दोन-तीन तरी मोठी खाकी पाकिटं हमखास दिसतात. मांडीवर आडवी धरलेली, दुमडू नयेत म्हणून जपलेली. शेजारच्यानं सहज विचारलं, "काय झालं जी?" तर उत्तर ठरलेलं. "काय सांगू भाऊ, मणक्यात गॅप हाये." पाकीट गुडघ्याचं असेल तर "गुडघ्यात गॅप पडला." ऐकणाऱ्याला आश्चर्य वाटत नाही. त्याच्याही घरात एखादा गॅप असतोच.

आमच्या आजीच्या तोंडी हा शब्द नव्हता. तिची कंबर धरायची, उसण भरायची, शीर चढायची, गुडघे आखडायचे, आणि सगळ्याच्या मुळाशी वात असायचा. वाकून निंदणारी, दिवसभर कापूस वेचणारी बाई तेव्हाही कंबरेनं हैराण होती. पण तिच्या दुखण्यात फट, मोकळी जागा, अंतर असलं काही नव्हतं. कारण ते कुणी पाहिलंच नव्हतं. गॅप हा पाहिल्यावर सुचलेला शब्द आहे. त्याचं कूळ शोधायचं तर वैद्याच्या पोथीत नाही, त्या खाकी पाकिटातल्या काळ्या फोटोत शोधावं लागतं.

गंमत अशी की हा शब्द आपल्या तोंडात उलटा बसला आहे. डॉक्टर फोटो उजेडासमोर धरतो आणि सांगतो, "गॅप कमी झालाय." घरी पोचेपर्यंत त्यातलं "कमी झालाय" गळून पडतं आणि "गॅप" तेवढा उरतो. मग गॅप म्हणजेच आजार. माणसं तो भरून यायचं औषध मागतात, कंबरेला पट्टा आवळून तो मिटवू पाहतात. खरं तर फोटोत दोन हाडांमध्ये जी काळी पट्टी दिसते ती निरोगीपणाची खूण आहे. ती मोकळी नसतेच. तिथे गुडघ्यात कूर्चा असते, मणक्यात चकती असते. म्हणजे लोकांच्या भाषेतली गादी. फक्त ती फोटोत उमटत नाही. क्ष-किरण अडतात ते हाडातल्या कॅल्शियमपाशी. गादी बरीचशी पाण्याची, तिच्यातून ते आरपार जातात आणि मागची फिल्म काळी करतात. हाड पांढरं, गादी काळी. काळं दिसलं की आपल्याला पोकळी वाटते, एवढीच चूक.

ही चूक फोटोइतकीच जुनी आहे. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतल्या व्युर्त्सबुर्ग गावी विल्हेल्म राँटगेन यांना काळ्या पुठ्ठ्यात गुंडाळलेल्या नळीतूनही काहीतरी बाहेर पडताना आणि दूरचा पडदा उजळताना दिसलं. पुढचे काही आठवडे ते प्रयोगशाळेतून फारसे हललेच नाहीत. २२ डिसेंबरला त्यांनी पत्नी अॅना बर्था यांचा हात काचेच्या पाटीवर ठेवून त्यावर किरण सोडले. ते चित्र आजही पाठ्यपुस्तकांत छापतात. सगळ्यांचं लक्ष बोटातल्या अंगठीकडे जातं. आपण पेरांकडे पाहावं. दोन हाडांमध्ये बारीक फट आहे, जणू बोटं तुकड्यातुकड्यांची आहेत. जगानं पाहिलेल्या पहिल्या गॅपांपैकी हे. बाईंच्या बोटांना काहीही झालेलं नव्हतं.

या किरणांचं नाव हीसुद्धा एक वेगळी कुळकथा आहे. काय आहे ते कळेना, म्हणून राँटगेन यांनी बीजगणितातल्या अज्ञाताचं अक्षर उचललं, एक्स. जर्मन लोकांनी पुढे शोधकाचंच नाव किरणांना दिलं. बंगालीत त्याचा रंजनरश्मी झाला. परक्या नावाला आपल्या ओळखीच्या शब्दात असं बसवणं बंगाल्यांनाच जमावं. मराठीनं मात्र अज्ञाताला अज्ञातच ठेवलं. बीजगणितात एक्सला क्ष आणि वायला य म्हणायची सवय आपल्या शाळांना होतीच, म्हणून क्ष-किरण. गुजराती आणि कन्नड यांनीही हेच केलं. खरं तर आपल्याकडे अज्ञाताची स्वतःची अक्षरं होती. भास्कराचार्य बाराव्या शतकात पहिल्या अज्ञाताला यावत्तावत् म्हणत आणि पुढच्यांना कालक, नीलक अशी रंगांची नावं देत. त्या हिशेबानं हे या-किरण व्हायला हवे होते. पण शाळेतलं बीजगणित इंग्रजीवाटे आलं होतं, आणि क्ष उच्चाराला एक्सच्या जवळ बसतो. मराठी विश्वकोशात नोंद क्ष-किरण याच नावानं आहे. संग्रामपुरात मात्र हा शब्द फक्त दवाखान्याच्या पाटीवर. बोलताना फोटू. "फोटू काहाडला का?" असंच विचारतात.

किरण सापडून दोन वर्षं होतात न होतात तोच ते हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर पोचले. १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत सर्जन-मेजर बीव्हर यांनी हे यंत्र डोंगरात नेऊन जखमी सैनिकांच्या अंगातल्या गोळ्या शोधल्या. पुढची कित्येक वर्षं हाडांच्या बाबतीत या किरणांचं मुख्य काम तेच राहिलं: गोळी कुठे अडकली, हाड कुठे मोडलं. झिजेकडे बघायला वेळ होता कुणाला?

झीज मोजायची वेळ आली ती कोळशाच्या खाणीमुळे. इंग्लंडात लँकेशायरमधल्या ली या खाणगावात मजुरांच्या गुडघ्या-कंबरेचे फोटो काढून जोनास केलग्रेन आणि जॉन लॉरेन्स या दोघांनी सांध्यांची तपासणी चालवली होती. वाकून, गुडघ्यांवर बसून दिवस काढणारी माणसं. आपल्या निंदणाऱ्या बायांशी त्यांचं नातं लावलं तर चुकणार नाही. १९५७ साली या दोघांनी झिजेच्या पायऱ्या छापल्या, शून्य ते चार. हाडाच्या कडेला काटे किती वाढले, फट किती आवळली, यावर पायरी ठरते. चौथ्या पायरीला फट जवळजवळ उरत नाही. "डाक्टरनं ग्रेड तीन सांगतला" असं आमच्याकडचा म्हातारा आज म्हणतो, तो ग्रेड लीच्या खाणीतून आलेला. त्यातही पाहा: ग्रेड वाढतो तसा गॅप घटतो. शब्द तिकडून नीट निघाला होता, वाटेत फिरला.

त्यानंतर अकरा वर्षांनी, १९६८ मध्ये, स्वीडनच्या स्वेन अल्बॅक यांनी दाखवलेली गोष्ट आपल्याकडे अजून सगळीकडे मुरलेली नाही, म्हणून जरा थांबतो. गुडघ्याचा फोटो झोपवून काढला तर सांध्यावर भार नसतो. गादी झिजलेली असली तरी हाडं एकमेकांपासून सुटी राहतात आणि फट चांगली दिसते. माणूस उभा राहिला, अंगाचं वजन गुडघ्यावर आलं, की खरी फट कळते. म्हणजे एकाच गुडघ्याचे एकाच सकाळी काढलेले दोन फोटो दोन निकाल देऊ शकतात. गादीची जाडी तिच्यावर कुणी बसलेलं नसताना मोजण्यातला हा प्रकार.

मणक्याची गोष्ट आणखी अवघड, कारण तिथे दुखणं अनेकदा फटीत नसतं, फटीमागे असतं. पायात जाणारी कळ चकती सरकून नस दाबल्यानं येते, हे मिक्स्टर आणि बार या अमेरिकन शल्यवैद्यांनी १९३४ मध्ये मांडलं. पण सरकलेली चकती साध्या फोटोत दिसणार कशी? त्यासाठी पाठीच्या कण्यात सुई घालून आयोडीनयुक्त तेल सोडायचं आणि ते कुठे अडतं ते पाहायचं, ही तऱ्हा कामी आली; फ्रान्सच्या सिकार आणि फोरेस्तिए यांनी ती १९२० च्या दशकातच आणली होती. रोग्याला ती काय वाटत असेल ते सोडून देऊ.

एमआरआय आला आणि काळ्या पट्टीच्या आतलं नीट दिसलं. १९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी मार्ग दाखवला, इंग्लंडात पीटर मॅन्सफील्ड यांच्या गटानं माणसाच्या बोटाचं चित्र काढलं. पुन्हा बोटच, बर्थाबाईंसारखं. एमआरआय हायड्रोजनच्या, म्हणजे मुख्यतः पाण्याच्या आणि चरबीच्या खुणा वाचतो, त्यामुळे क्ष-किरणांना जे दिसत नव्हतं नेमकं तेच त्याला दिसतं. गादी, चकती, स्नायूबंध, नस. फोटोत ऐंशी-नव्वद वर्षं रिकामी वाटलेली जागा भरलेली निघाली.

इथे सुटकेचा श्वास सोडावा तर नवाच घोळ. १९९४ मध्ये अमेरिकेत ९८ माणसांच्या कंबरेचे एमआरआय काढले. अट अशी की कंबरदुखी नसावी. निम्म्याहून जास्त जणांत एक तरी चकती फुगलेली निघाली, २७ टक्क्यांत ती एका जागी पुढे आलेली. सगळ्या चकत्या नीट असलेले फक्त ३६ टक्के. या माणसांना हातात पाकीट देऊन शेगावच्या एसटीत बसवलं असतं तर निम्म्यांनी कंबर धरली असती, असं मला खरंच वाटतं. केस पिकतात तशा चकत्याही सुकतात. चित्रात दिसतं ते सगळं दुखत नाही, आणि दुखतं ते सगळं चित्रात दिसत नाही.

आपल्याकडचं दुखणं किती? पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ पासून भिगवणला घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली, तिथे ४०९२ प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोक सांध्या-स्नायूंच्या दुखण्यानं त्रस्त निघाले. आमवात, म्हणजे बोटांची पेरं सुजवणारा, तो मात्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास. या थोड्यांना खरं तर तपासणीची घाई हवी. साध्या फोटोत हाड कुरतडलेलं दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो; सूज सोनोग्राफीत आधी कळते. सांध्यावर यंत्र फिरवून लगेच पाहता येतं, किरण नाहीत, खर्च एमआरआयपेक्षा कमी. पण गर्भलिंग तपासणी रोखायला महाराष्ट्रानं १९८८ मध्ये देशात प्रथम कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राचा आला, आणि पुढे प्रत्येक सोनोग्राफी यंत्र नोंदणीत आणि जागेला बांधलं गेलं. गुडघा बघायला ते यंत्र गाडीत घालून गावात नेणं सोपं नाही. कायद्याची गरज होती, अजूनही आहे. पोरींच्या जिवासाठी गुडघ्यांनी थोडं थांबायला मी तरी तयार आहे.

संग्रामपुरात हा उलटा शब्द इतर गावांपेक्षा महाग पडतो, त्याचं कारण पाण्यात आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला पूर्णा, आणि मधला पट्टा खारपाणाचा. इथल्या विहिरी-बोअरचं पाणी खारं, म्हणून तर वान धरणातून जळगाव जामोद आणि संग्रामपूरसाठी १४० गावांची योजना करावी लागली. या पट्ट्यात किडनीच्या रोग्यांची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. आता एखाद्या बाईला कुणी सांगितलं, "तुमच्या मणक्यात गॅप आहे", तर ती काय समजते? हाडांमध्ये खड्डा पडला, तो भरणार नाही, जन्मभर गोळ्या. मग दुकानातून सुटी पाकिटं आणून वेदनाशामक गोळ्या रोज सकाळी चहाबरोबर. कित्येक वेदनाशामक गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तर किडनीला धोका होतो, हे वैद्यकशास्त्रात वादाचं नाही. त्याच बाईला "वयानं चकती सुकली आहे, चालत राहा, पाठीचा व्यायाम करा, पायात बधिरपणा आला किंवा लघवी अडली तर लगेच या" असं सांगितलं तर गोळ्यांचं पाकीट दुकानातच राहील. फोटो तोच. बदलतं ते एक वाक्य.

तेव्हा फोटो दाखवायला जाल तेव्हा तीन गोष्टी विचारा. गॅप आहे म्हणता, तो कमी झालाय की काय झालंय? गुडघ्याचा फोटो उभ्यानं काढला होता का? आणि माझं दुखणं या फोटोत दिसतंय त्यामुळेच आहे का? आणखी एक. जुन्या फिल्ममध्ये चांदी असते म्हणून भंगारवाला ती मागतो, आणि एके काळी ग्रहण बघायला पोरं तीच डोळ्यांपुढे धरायची. दोन्ही करू नका. फट पाच वर्षांत किती आवळली ते नव्याशेजारी जुना फोटो धरल्याशिवाय कळत नाही. तो खाकी पाकिटात ठेवा आणि पुढच्या वेळी सोबत न्या.