हेल्थ रेकॉर्डमधलं 'व्हर्जन' म्हणजे काय? मेजर, मायनर आणि पॅच सोप्या भाषेत

गेम अपडेट केला आणि जुना स्कोअर गेला, तर आपण चिडतो आणि विसरतो. पण एखाद्या पेशंटच्या दहा वर्षांच्या ब्लड प्रेशरच्या नोंदी अशाच दिसेनाशा झाल्या तर? म्हणूनच इलेक्ट्रॉनिक हेल्थ रेकॉर्डमध्ये व्हर्जन नंबर देण्याचे नियम काटेकोर असतात. 'ओपनईएचआर' या खुल्या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डचं उदाहरण घेऊन ते समजून घेऊया.

## आर्किटाइप म्हणजे काय?

एखाद्या वैद्यकीय गोष्टीची नोंद कशी करायची, याचा ठरलेला साचा म्हणजे आर्किटाइप. 'ब्लड प्रेशर'च्या साच्यात वरचं प्रेशर, खालचं प्रेशर, मोजताना पेशंट बसलेला होता की झोपलेला, दंडावरच्या पट्ट्याचा आकार अशा जागा असतात. असे अनेक साचे जोडून एखाद्या कामासाठी, समजा डिस्चार्ज कार्डासाठी, जो संच बनतो त्याला टेम्पलेट म्हणतात.

## तीन आकडे काय सांगतात?

समजा साच्याचं व्हर्जन २.१.३ आहे.

- मेजर (२): मोठा बदल. जुना डेटा नव्या साच्यात बसेलच याची खात्री नाही. उदा. 'बसलेला की झोपलेला' ही जागा आधी ऐच्छिक होती, आता सक्तीची केली. मग ती रिकामी असलेल्या जुन्या नोंदी नव्या नियमात नापास होतात.
- मायनर (१): भर पडली, पण मोडतोड नाही. उदा. एक नवी ऐच्छिक जागा वाढवली. जुन्या नोंदी तशाच चालतात.
- पॅच (३): डेटाच्या रचनेला हात न लावता केलेली दुरुस्ती. उदा. वर्णनातली स्पेलिंगची चूक.

लक्षात ठेवा, हे दशांश अपूर्णांक नाहीत. १.१० हे १.९ च्या नंतरचं व्हर्जन आहे!

## ड्राफ्ट की फायनल?

पहिला आकडा ० असेल तर साचा अजून प्रकाशित झालेला नाही, तो कधीही बदलू शकतो. नंबरापुढे 'अल्फा' असेल तर काम चालू आहे. 'आरसी', म्हणजे रिलीज कँडिडेट, असेल तर साचा जवळपास तयार आहे, शेवटची तपासणी बाकी आहे. काहीच शेपटी नसेल तर ते पक्कं रिलीज. 'डेप्रिकेटेड' असा शेरा असेल तर नव्या कामासाठी तो साचा वापरायचा नाही. पण त्यात भरलेला जुना डेटा वाचता यायलाच हवा.

## साच्याचं व्हर्जन वेगळं, नोंदीचं वेगळं

इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. नर्सने १२० ऐवजी चुकून २१० टाकलं आणि नंतर दुरुस्त केलं, तर साचा बदलत नाही. त्या नोंदीचं नवं व्हर्जन तयार होतं. आधीची नोंद पुसली जात नाही. कुणी, कधी बदल केला हेही सोबत राहतं. चुकीच्या आकड्यावर आधी काही उपचार झाले असतील, तर ते का झाले हे त्यामुळेच कळतं.

## भारतात काय वापरतात?

आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये, म्हणजे आभा नंबरवाल्या योजनेत, रेकॉर्डची देवाणघेवाण 'फायर' या दुसऱ्या स्टँडर्डने होते, तीही आर४ या व्हर्जनप्रमाणे. त्यासाठीचे भारतीय साचे पुण्याच्या सी-डॅकमधलं राष्ट्रीय केंद्र तयार करतं. फायरचं आर५ २०२३ मध्येच आलं, तरी इथे आर४ चालू आहे. हा आळस नव्हे. आर५ मध्ये काही भाग काढले किंवा बदलले आहेत, आणि एक हॉस्पिटल आर५ मध्ये पाठवतंय, दुसरं आर४ समजून वाचतंय, असं झालं तर माहिती अर्धवट पोचू शकते. त्यामुळे सगळ्यांनी ठरवून, एकत्रच पुढे जावं लागतं.

## थोडक्यात

फोनमध्ये नवं व्हर्जन म्हणजे नवे फीचर्स. हेल्थ रेकॉर्डमध्ये मात्र पहिला प्रश्न असतो: जुनं वाचता येईल ना? मेजर आकडा बदलला की सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने थांबायचं, जुना डेटा नव्या साच्यात कसा न्यायचा हे ठरवायचं, आणि मगच अपडेट द्यायचा.