आयांच्या आठवणी आणि इस्पितळाचे कागद

रोगराईचा इतिहास म्हटला की पटकी, प्लेग, देवी आठवतात. साथ आली की साऱ्या गावाला दिसते. मुलांचा रक्ताचा कर्करोग मात्र एखाद्याच घरी शिरतो. एका डॉक्टरच्या हयातीत त्याचे रोगी ते किती येणार? कारण शोधावयाचे तर देशभरच्या नोंदीच मांडून बसले पाहिजे.

ऑक्सफर्डच्या डॉ. अॅलिस स्टुअर्ट या बाई तशा बसल्या. अनुदान एक हजार पौंड, आणि तेही लेडी टाटा स्मारक निधीचे! मेहेरबाई टाटा १९३१ साली याच रोगाने गेल्या. पुढल्या वर्षी दोराबजींनी तो निधी उभारला होता.

१९५३ ते १९५५ या काळात इंग्लंड-वेल्समध्ये कर्करोगाने दगावलेली, दहा वर्षांच्या आतली मुले बाईंनी मृत्युनोंदींतून काढली. प्रत्येकामागे त्याच भागातले, त्याच वयाचे एक धडधाकट मूल निवडले. सरकारी आरोग्यखात्यांमार्फत दोन्ही आयांना एकच प्रश्नावली विचारली. गरोदरपणी पोटाचा क्ष-किरण फोटो काढला होता काय? ज्यांची मुले गेली त्यांच्यात ‘होय’ म्हणणाऱ्या जवळजवळ दुप्पट निघाल्या. १९५६ साली हे छापले गेले.

डॉक्टरमंडळींना ते रुचले नाही. मूल गमावलेली आई आठवून आठवून सांगते. जिचे अंगणात खेळते आहे तिला जुना फोटो कशाला स्मरेल? हा आक्षेप मला तरी खोडसाळ वाटत नाही. शिवाय १९६० साली कोर्ट ब्राउन आणि रिचर्ड डॉल प्रभृतींनी असे फोटो काढलेल्या मातांची ३९,१६६ मुले तपासली, त्यांत काहीच वाढ दिसली नाही. पण इतक्या मुलांतही रक्ताच्या कर्करोगाचे अपेक्षित मृत्यू होते अवघे दहा-अकरा! तेवढ्यावर निवाडा कसा व्हावा?

हार्वर्डच्या ब्रायन मॅकमेहन यांनी आठवणीच बाजूला सारल्या. ईशान्य अमेरिकेतील ३७ इस्पितळांत १९४७ ते १९५४ मध्ये जन्मलेली ७,३४,२४३ मुले त्यांनी घेतली. एवढे कागद वाचणार कोण? म्हणून कर्करोगाने गेलेल्या मुलांचे सर्व कागद पाहिले आणि एकंदर नोंदींतून शंभरात एक उचलला. फोटोची नोंद झाली त्या दिवशी कोणते मूल आजारी पडणार हे कोणालाच ठाऊक नव्हते. १९६२ साली उत्तर आले: क्ष-किरण लागलेल्यांत कर्करोगाचे मृत्यू सुमारे ४० टक्क्यांनी अधिक.

पुढे गरोदर स्त्रियांचे क्ष-किरण फोटो हळूहळू मागे पडले. ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी १९५८ साली ध्वनिलहरींनी गर्भ पाहण्याची रीत प्रसिद्ध केलीच होती. तिने त्यांची जागा घेतली.