दहा रुपये भरायचे कुठे?

माहितीच्या अधिकाराबद्दल बोलताना आपण 'फक्त दहा रुपये' असं अगदी सहज म्हणतो. पुण्यात बसून ते खरंही आहे. पण हेच दहा रुपये दुबईहून किंवा न्यू जर्सीहून भरायचे असतील तर? हा इतिहास मजेशीर आहे आणि थोडा चीड आणणाराही.

माहिती अधिकार कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे लागू झाला. त्याचं तिसरं कलम सांगतं की हा अधिकार सर्व नागरिकांना आहे. 'भारतात राहणाऱ्या' अशी अट त्यात नाही. (ओसीआय कार्डवाले परदेशी नागरिक, त्यामुळे ते यात येत नाहीत. भारतीय पासपोर्टवाला मात्र कुठेही राहत असला तरी येतो.) फी वाजवी असावी आणि दारिद्र्यरेषेखालच्या लोकांकडून ती घेऊच नये, हेही कायद्यातच आहे. म्हणजे फीमुळे कोणी अडू नये, हा विचार झाला होता.

घोळ झाला तो नियमांत. केंद्राने फी दहा रुपये ठरवली. ती रोख, डिमांड ड्राफ्ट किंवा बँकर्स चेकने भरायची. २००६ मध्ये पोस्टल ऑर्डरची भर पडली. आता बघा, रोख भरायला खिडकीपाशी जायला हवं. पोस्टल ऑर्डर मिळणार इथल्याच पोस्टात. आणि परदेशातून ड्राफ्ट काढायचा तर बँकेचं कमिशनच फीच्या कितीतरी पट! मग बऱ्याचदा उरायचं एकच, इथल्या भावाला फोन करणं. प्रश्न कोणा साहेबाला टोचणारा असेल, तर त्याच्यासमोर उभा राहणार तो बिचारा भाऊ.

२०१२ च्या नियमांनी इलेक्ट्रॉनिक पद्धतीने फी भरायला मान्यता दिली, पण 'सोय उपलब्ध असेल तर'! निवृत्त नौदल अधिकारी लोकेश बत्रा यांच्यासारख्यांनी पाठपुरावा केला आणि अखेर २२ मार्च २०१३ ला परदेशस्थ नागरिकांसाठी ई-पोस्टल ऑर्डर सुरू झाली. कार्डाने पैसे भरा, ती छापा, अर्जाला जोडा. भारतातल्या लोकांना ही सोय फेब्रुवारी २०१४ मध्ये मिळाली. केंद्राचं ऑनलाइन अर्जाचं पोर्टल ऑगस्ट २०१३ चं.

म्हणजे दहा रुपये भरण्याचा धड रस्ता मिळायला सात वर्षांहून जास्त काळ गेला, आणि तोही फक्त केंद्राच्या कार्यालयांपुरता. राज्यांचे नियम वेगळे. महाराष्ट्राच्या नियमांत कोर्ट फी स्टॅम्प चालतो, पण तो परदेशात कुठून आणणार? इथेही ऑनलाइन पोर्टल आल्यावरच गोष्ट सोपी झाली.

कोणी म्हणेल, बाहेर डॉलर कमावतात, थोडा खर्च झाला तर काय बिघडलं? पण आखातात मजुरी करणाराही भारतीय नागरिकच आहे. शिवाय तो जादा खर्च सरकारच्या तिजोरीत जात नव्हता, मधल्यामध्ये बँकेच्या कमिशनात जिरत होता.

अर्जाची फी ५० रुपयांच्या वर नसावी, असं सुप्रीम कोर्टाने मार्च २०१८ मध्ये सांगितलं. चांगलंच झालं. पण माझ्या मते फी वाजवी आहे की नाही, हे नुसत्या आकड्यावरून ठरत नाही. ती भरायला एकूण किती पैसे आणि किती खेपा लागतात, तेही मोजायला हवं.