तार, संकेतांक आणि घर : ठाणे जिल्ह्यातील घरगुती इंटरनेट सुविधेची प्रादेशिक विषमता (१९९५ ते २०२०), डोंबिवलीच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

मध्य रेल्वेच्या मार्गावर ठाणे आणि डोंबिवली या दोन स्थानकांमध्ये सुमारे १५ किलोमीटरचे अंतर आहे. उपनगरी गाडीने ते अर्ध्या तासाच्या आत कापले जाते. दूरध्वनीच्या नकाशावर मात्र इंटरनेटच्या आरंभकाळी ही दोन शहरे वेगवेगळ्या प्रदेशांत मोडत होती. ठाण्याचा संकेतांक मुंबईचाच, म्हणजे ०२२. डोंबिवलीचा संकेतांक कल्याणबरोबर ०२५१. भारतात सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू झाली ती दूरध्वनीच्या तारेवरून. त्यामुळे तारेची सीमा हीच काही काळ इंटरनेटचीही सीमा ठरली.

घरगुती इंटरनेटमधील विषमतेची चर्चा सामान्यतः उत्पन्न, शिक्षण आणि शहर-खेडे भेद या तीन अंगांनी केली जाते. ही अंगे महत्त्वाची आहेतच. परंतु दूरसंचाराच्या प्रशासकीय सीमांनीही या विषमतेला आकार दिला आणि जिल्ह्याची सरासरी हा आकार झाकून टाकते, हे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

दूरध्वनी प्रशासनाची सीमारेषा

ठाणे महानगरपालिका १९८२ मध्ये आणि कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ मध्ये स्थापन झाली. नागरी प्रशासनात दोन्ही शहरांचा दर्जा असा जवळजवळ एकाच वेळी वाढला. दूरध्वनीच्या बाबतीत तसे घडले नाही. १९८६ मध्ये मुंबई आणि दिल्ली या महानगरांसाठी महानगर टेलिफोन निगम लिमिटेडची स्थापना झाली. तिच्या मुंबई विभागात ठाणे आणि नवी मुंबई यांचा अंतर्भाव होता. कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ हा पट्टा मात्र केंद्राच्या दूरसंचार विभागाकडेच राहिला. १ ऑक्टोबर २००० रोजी भारत संचार निगम लिमिटेड अस्तित्वात आल्यावर तो त्या निगमाकडे गेला.

त्या काळी घरात दूरध्वनी असणे हीच दुर्मीळ गोष्ट होती. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणात देशातील दूरध्वनींचे प्रमाण दर १०० व्यक्तींमागे सुमारे ०.८ इतके नोंदवले असून, १९९७ पर्यंत मागेल त्याला दूरध्वनी देण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. या पार्श्वभूमीवर १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम लिमिटेडने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. आरंभीची केंद्रे मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास ही होती. घरात संगणक, मोडेम आणि दूरध्वनी ही तिन्ही साधने असतील तरच ही सेवा घेता येई. शिवाय इंटरनेटचे तास आणि दूरध्वनीचे कॉल असा दुहेरी आकार पडे. मुंबईतील केंद्राचा क्रमांक ठाण्यातील घरासाठी गावातला होता. डोंबिवलीतील घरासाठी तो निराळ्या संकेतांकाचा, अर्थात परगावचा होता.

डोंबिवली ही प्रामुख्याने नोकरदार मध्यमवर्गाची वस्ती. येथील कर्ती माणसे सकाळी लोकलने मुंबईत जातात आणि रात्री परततात. मुंबईतील कार्यालयांत इंटरनेट आले तेव्हा तेथे काम करणाऱ्या डोंबिवलीकरांचा त्याच्याशी परिचय झाला. म्हणजे एकच व्यक्ती दिवसा कार्यालयात जोडलेली आणि रात्री घरी तुटलेली असू शकत होती. निवासाच्या आधारे केलेल्या कोणत्याही मोजणीत अशी व्यक्ती ‘इंटरनेट नसलेल्या’ घरातच धरली जाणार. शिक्षणाचा वा इच्छेचा अभाव येथे कारण नव्हता.

ब्रॉडबँडचा टप्पा

नोव्हेंबर १९९८ पासून खासगी कंपन्यांना इंटरनेट सेवेचे क्षेत्र खुले झाले. पुढील काही वर्षांत सायबर कॅफे शहरोशहरी दिसू लागले. १९९८ मध्येच कोल्हापूर-सांगली परिसरात वारणा सहकारी समूहाच्या भागातील सुमारे ७० गावांसाठी माहिती केंद्रांचा प्रकल्प हाती घेण्यात आला. शहरातील कॅफे आणि वारणेतील केंद्र यांत एक साम्य होते : इंटरनेट वस्तीपर्यंत पोहोचले होते, घरात नव्हे.

ऑक्टोबर २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने प्रतिसेकंद किमान २५६ किलोबिट ही वेगमर्यादा निश्चित केली. जानेवारी २००५ मध्ये दोन्ही सरकारी निगमांच्या ब्रॉडबँड सेवा सुरू झाल्या आणि ०२२ व ०२५१ यांमधील अंतर बरेच कमी झाले. मात्र तांब्याच्या तारेवरील ब्रॉडबँडचा वेग एक्स्चेंजपासूनच्या अंतराबरोबर घटतो. त्यामुळे दोन शहरांमधील भेद ओसरत असताना एकाच शहरातील जुनी पेठ आणि दूरची नवी वसाहत यांच्यात नवा भेद निर्माण झाला.

मोजमापाचा प्रश्न

२०११ च्या जनगणनेत प्रथमच घरातील संगणक आणि त्यावरील इंटरनेट यांची नोंद झाली. देशातील ३.१ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटसह संगणक होता. नागरी भागात हे प्रमाण ८.३ टक्के, तर ग्रामीण भागात ०.७ टक्के होते. मोबाईलवरील इंटरनेट या व्याख्येत बसत नव्हते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत (२०१७-१८) मोबाईलसह सर्व मार्ग धरले गेले. त्यात नागरी प्रमाण ४२.० टक्के आणि ग्रामीण प्रमाण १४.९ टक्के आढळले. पहिल्या मोजणीत नागरी प्रमाण ग्रामीणच्या सुमारे १२ पट, तर दुसऱ्या मोजणीत ३ पटींहून कमी दिसते. व्याख्याच बदलल्यामुळे या दोन आकड्यांची थेट वजाबाकी करणे योग्य ठरणार नाही. त्याच सर्वेक्षणात संगणक असलेली कुटुंबे नागरी भागात २३.४ टक्के आणि ग्रामीण भागात ४.४ टक्के होती, हेही लक्षात घ्यावे लागते. मोबाईलमुळे जे अंतर आकसले, ते संगणकाच्या बाबतीत ५ पटींहून अधिक राहिले.

हद्दींचे बदलही मोजणीत शिरतात. कल्याण-डोंबिवली परिसरातील २७ गावे २००२ मध्ये महापालिकेतून वगळली गेली आणि २०१५ मध्ये पुन्हा समाविष्ट झाली. साहजिकच २०११ च्या शहराच्या आकड्यात त्या गावांतील घरे नाहीत. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर जव्हार-मोखाड्यासारखे आदिवासी तालुके ठाण्याच्या सरासरीतून बाहेर पडले. एकाही नव्या घरात तार न जाता जिल्ह्याची सरासरी अशा रीतीने बदलू शकते.

सरकलेली सीमा

मोबाईल सेवेच्या परवान्यांत मुंबई, नवी मुंबई आणि कल्याण दूरध्वनींची स्थानिक क्षेत्रे मिळून एकच मुंबई सेवाक्षेत्र धरले गेले. तारेच्या नकाशावर बाहेर राहिलेली डोंबिवली लहरींच्या नकाशावर अशी मुंबईत आली. सप्टेंबर २०१६ नंतर डेटा स्वस्त झाल्यावर हा बदल घरोघर जाणवू लागला. विषमतेची रेषा मात्र पुसली गेली नाही. ती पूर्वेकडे, ०२५२४ संकेतांकाच्या मुरबाड आणि ०२५२७ संकेतांकाच्या शहापूर तालुक्यांतील डोंगराळ गावांकडे सरकली. २०११ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर योजनेचे (पुढे भारतनेट) लक्ष्य ग्रामपंचायत होते. तेथून पाड्यावरील घरापर्यंतचे अंतर शिल्लकच राहिले.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद होऊन वर्ग घरात आले, तेव्हा या इतिहासाची किंमत मुलांना मोजावी लागली. डोंगरपाड्यावर अडचण सिग्नलची होती. शहरातील लहान घरात सिग्नल होता, पण फोन एक आणि शिकणारी मुले दोन, अशी अडचण होती. घरातील फोन कोणाच्या हाती, हा प्रश्नही त्यात गुंतलेला होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या ५ व्या फेरीनुसार (२०१९-२१) देशात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३३.३ टक्के, तर पुरुष ५७.१ टक्के होते.

निष्कर्ष

ठाणे जिल्ह्यातील घरगुती इंटरनेटची विषमता तीन टप्प्यांत सरकत गेली : प्रथम दोन संकेतांकांमध्ये, नंतर एक्स्चेंजपासूनच्या अंतरामध्ये, आणि शेवटी तालुक्यांमध्ये व घरातील माणसांमध्ये. डोंबिवलीचे उदाहरण असे दर्शवते की सुशिक्षित, महानगराला लागून असलेले शहरही केवळ प्रशासकीय रेषेमुळे मागे राहू शकते. जानेवारी २०२० मध्ये अधिसूचित झालेल्या घरयादीच्या प्रश्नावलीत इंटरनेटची उपलब्धता, संगणक आणि फोन यांचे प्रश्न वेगवेगळे ठेवले गेले, हे योग्य दिशेचे पाऊल होय. अशा माहितीचा उपयोग व्हायचा असेल, तर ती जिल्ह्याच्या सरासरीत न विरघळवता तालुका आणि प्रभाग पातळीवर मांडली जाणे आवश्यक आहे. मुरबाडमधील पाडा आणि डोंबिवलीतील खोली यांना लागणारे उपाय वेगळे आहेत. एकाच आकड्यातून ते सुचणार नाहीत.