खोट्या नोटा, खरा वकील

अमेरिकन सिरियल्स बघणाऱ्या प्रत्येकाला ते ठरावीक बोलणं पाठ असतं. पोलीस बेड्या घालता घालता आरोपीला ऐकवतो की वकील परवडत नसेल तर सरकारतर्फे मिळेल. इतक्यांदा ऐकलंय की वाटतं, ही पद्धत तिथे पहिल्यापासूनच असणार. मुळीच नाही! ते बोलणं १९६६ च्या मिरांडा निकालानंतरचं. त्याच्या मागे कितीतरी वर्षांची ओढाताण आहे, आणि माझ्या मते त्यातला सगळ्यात वाचनीय भाग म्हणजे खोट्या नोटांच्या खटल्यात अडकलेले दोन मरीन.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेत फौजदारी कोर्टं दोन प्रकारची, राज्यांची आणि केंद्राची. केंद्राच्या कोर्टांना ‘फेडरल’ म्हणतात. नेहमीचे चोऱ्यामाऱ्या-खून राज्याकडे. खोट्या नोटा, टपालातून केलेली फसवणूक, केंद्राचा टॅक्स बुडवणं, व्हिसातले घोटाळे हे सगळं फेडरल. (आपल्यापैकी निम्मे लोक एच-वन वर जाऊन आलेत किंवा जाणार आहेत, तेव्हा शेवटचं लक्षात ठेवा :))

आरोपीला वकिलाची मदत घ्यायचा हक्क राज्यघटनेच्या सहाव्या दुरुस्तीने १७९१ मध्ये दिला. त्या काळात ही मोठीच गोष्ट होती. इंग्लंडात गंभीर गुन्ह्यातल्या आरोपीला वकिलाकरवी पूर्ण बचाव मांडायची मुभा सरसकट मिळाली ती थेट १८३६ साली. पण अमेरिकेतही या हक्काचा अर्थ साधारणपणे एवढाच घेतला गेला, की तू वकील आणलास तर आम्ही त्याला हाकलणार नाही. आणायचा कसा, फी कुठून द्यायची, तुझं तू बघ. फाशीच्या गुन्ह्यात मात्र १७९० च्या कायद्याने, मागितला तर, कोर्ट वकील नेमून देई.

तर झालं असं. नोव्हेंबर १९३४. दक्षिण कॅरोलायनातलं चार्लस्टन. जॉन्सन आणि ब्रिडवेल हे रजेवर आलेले दोन मरीन पकडले गेले. आरोप काय, तर वीस डॉलरच्या चार खोट्या नोटा खपवल्या आणि आणखी एकवीस जवळ बाळगल्या. जामिनाला पैसे नाहीत, गावात ओळखीचं कोणी नाही, घरचे लोक दूर. दोन महिने तुरुंगात गेले. २३ जानेवारी १९३५ ला त्यांना कोर्टात नेलं, आरोपपत्र दाखवलं आणि त्याच दिवशी खटला चालवून, दोषी ठरवून साडेचार वर्षांची शिक्षाही सुनावली. हे सगळं एका दिवसात! आपल्याकडे एवढ्या वेळात नुसती पुढची तारीख मिळते.

वकील नव्हता. ब्रिडवेलचं म्हणणं असं की आपण सरकारी वकिलाला विचारलं होतं, आणि त्याने सांगितलं की फाशीचा गुन्हा असल्याशिवाय या राज्यात वकील नेमत नाहीत. मग बिचारा स्वतःच उभा राहिला. एका साक्षीदाराची साक्ष संपल्यावर ‘आता तुम्ही विचारा’ म्हटलं, तर याने प्रश्न एकही विचारला नाही. ही साक्ष सगळी खोटी आहे असा आक्षेप तेवढा घेतला. न्यायाधीश म्हणाले, पुरावा आणा. शेवटी ज्यूरीपुढे तो पंधरा-वीस शब्द बोलला. मी गुंड नाही, न्यूयॉर्कचा नाही, मिसिसिपीचा आहे; आणि गुंड असतो तर मरीन कोअरने मला ठेवलं असतं का? उलटतपासणी म्हणजे काय हेच ज्याला माहीत नाही, त्याने आणखी काय करायचं होतं?

पुढचा भाग जास्त वाईट. अपिलाची मुदत पाच दिवसांची. आणि या दोघांना अटलांटाच्या तुरुंगात नेल्यावर सोळा दिवस इतरांपासून वेगळं कोंडलेलं. मुदत अर्थातच टळली.

जॉन्सनचं प्रकरण हेबिअस कॉर्पसच्या वाटेने सुप्रीम कोर्टात पोचलं. त्याच्या बाजूने एल्बर्ट टटल नावाचा वकील होता, जो पुढे दक्षिणेतल्या नागरी हक्कांच्या खटल्यांत न्यायाधीश म्हणून गाजला. २३ मे १९३८ ला न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी निकाल दिला: फेडरल कोर्टात आरोपीला वकील नसेल, आणि त्याने समजून-उमजून तो हक्क सोडलेला नसेल, तर त्याला शिक्षा देण्याचा अधिकारच त्या कोर्टाला उरत नाही. गप्प बसला म्हणजे हक्क सोडला, असं धरायचं नाही. राज्यांच्या कोर्टांना सगळ्या गंभीर गुन्ह्यांत हेच लागू व्हायला १९६३ उजाडावं लागलं.

आता गंमत बघा. वकील द्यायचा ठरलं, पण त्याला पैसे कोण देणार हे कोणी ठरवलंच नाही. पुढची २६ वर्षं कोर्ट कुणालातरी नेमायचं आणि तो फुकट लढायचा. १९६४ च्या कायद्याने पहिल्यांदा दर ठरला, कोर्टात तासाला १५ डॉलर आणि बाहेरच्या कामाला १०. पगारी सरकारी बचाव-वकिलांची कार्यालयं १९७० च्या दुरुस्तीनंतरची.

आणि ज्याच्याकडे पैसे आहेत त्याचं काय? त्यालाही सुख नाही. १९८९ मध्ये सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं, की ड्रग्जच्या धंद्यातला म्हणून गोठवलेला पैसा वकिलाच्या फीसाठीही सोडवता येणार नाही. २०१६ मध्ये त्याला मर्यादा घातली: गुन्ह्याशी संबंध नसलेला पैसा मात्र गोठवून आरोपीला वकिलापासून तोडता येणार नाही. मला सगळ्यात आवडतो तो २००६ चा गोन्झालेस-लोपेझ निकाल. याला कॅलिफोर्नियातला एक वकील हवा होता. मिसूरीच्या न्यायाधीशांनी चुकीच्या कारणाने त्याला उभंच राहू दिलं नाही. सरकार म्हणालं, दुसरा वकील काय वाईट होता? न्यायमूर्ती स्कॅलिया म्हणाले, प्रश्न तो नाहीच. पैसे मोजून आपल्या पसंतीचा माणूस निवडायचा हक्क होता, तो हिरावला, तेवढं पुरे. शिक्षा टिकली नाही.

आपल्या घटनेच्या कलम २२ मध्ये ‘पसंतीचा वकील’ सरळ लिहिलेलाच आहे. मोफत वकिलाच्या हक्काला मात्र इथेही न्यायालयांनी बळ दिलं. १९७८ च्या होसकोट विरुद्ध महाराष्ट्र सरकार या खटल्यात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी, तुरुंगातल्या माणसाला निकालाची प्रत आणि अपिलासाठी वकील फुकट मिळाला पाहिजे, असं बजावलं. ब्रिडवेल आठवतोय ना?

बाकी तिकडे हिशेब अजून मिटलेला नाही. नेमलेल्या वकिलाचा दर २०२५ मध्ये तासाला १७५ डॉलर झाला, आणि त्याच वर्षी जुलैच्या सुरुवातीला काँग्रेसने मंजूर केलेले पैसेच संपले. वकील खटले लढत राहिले आणि बिलं काही महिने तशीच पडून राहिली.