'क्रेतॅं' : एका शिवीची पूर्वपीठिका

युरोपीय कादंबऱ्यांत 'क्रेतॅं' (इंग्रजीत 'क्रेटिन') ही शिवी भेटते तेव्हा 'मूर्ख' एवढ्या अर्थावर आपण पुढे सरकतो. हा शब्द आल्प्सकडच्या बोलीतला. बहुतेक व्युत्पत्तिकार त्याचे मूळ 'ख्रिश्चन' असे सांगतात. म्हणजे हाही माणूसच आहे, असा त्याचा कनवाळू आशय. १७५४ साली दालांबेरने फ्रेंच ज्ञानकोशात नोंदला, तो व्हॅले प्रांतातल्या गलगंड झालेल्या, मतिमंद माणसांसाठी.

बाल्झाकच्या १८३३ मधील 'ल मेदसॅं द कांपान्य' या कादंबरीत डॉक्टर बेनासी अशा माणसांना गावाबाहेर हलवतो. गावाच्या भल्यासाठी! दोष तो कोंदट, उन्हाला पारख्या दरीला देतो. वास्तविक जिनिव्हाच्या क्वांदेने १८२० मध्येच गलगंडावर आयोडीन दिले होते; पण मोठ्या मात्रांनी अपाय होऊन ते बदनाम झाले. तेव्हा बाल्झाकला बोल लावणे आम्हांला अन्यायाचे वाटते. त्या निर्वासनाला कादंबरी पुण्यकर्म मानते, हे मात्र खुपतेच.

हिमनद्या आणि पावसाने धुपलेल्या त्या मातीत आयोडीन फार थोडे उरले होते. गळ्यातील अवटू ग्रंथीच्या थायरॉक्सिन या संप्रेरकाच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. गर्भारपणी त्याची तीव्र उणीव झाली की गर्भाच्या मेंदूची वाढ खुंटते. प्रौढ माणसाची रोजची गरज अवघी १५० मायक्रोग्रॅम.

स्वित्झर्लंडमध्ये १९२२ पासून आयोडीनयुक्त मीठ आले. हिमालयाच्या पायथ्याची व्यथाही तीच होती. कांगडा खोऱ्यात १९५६ पासून व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी असेच मीठ देऊन पाहिले. गलगंडाचे प्रमाण उतरले आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.